नात्यातलं लग्न आणि लपून राहणारे गुण: आजी म्हणते ते खरं, की पुस्तकातलं?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे. धाकट्या बहिणीसाठी आतेभावाचं स्थळ जवळजवळ ठरलंय. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, शेत पाण्याखालचं आहे. आजीचं एकच पालुपद, 'पोरगी आत्याच्याच घरात जायलीय, परक्याच्या दारात कशाला द्यायची?' लातूर-धाराशिव भागात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क समजतात, हे इथं वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की त्या मुलाच्या सख्ख्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आत्या आणि तिचे यजमान, दोघांचेही कान उत्तम. आजी म्हणते आईबापांत नाही, आज्या-पणज्यांत नाही, म्हणजे ते रक्तातलं नाहीच. आत्यानं ग्रहण पाळलं नव्हतं, त्याचं ते फळ. शाळेत प्रभावी (वरचढ, दिसणारे) आणि अप्रभावी (त्यांच्यामागे लपणारे) गुण शिकले होते, त्यावरून मला उलटं वाटतं. दोघांतही दिसत नाही आणि लेकराला आहे, म्हणजेच ते दोघांकडून आलेलं असू शकतं ना? ज्यांना कळतं त्यांनी नीट सांगा. लग्न मोडायचा माझा हेतू नाही, पण काही न विचारता अक्षता टाकायला मन तयार होत नाही.

मन्याड

आमच्या कंधारकडं चार पिढ्या मामाच्याच पोरी करायलेत. सगळी लेकरं धडधाकट. उगी पुस्तकं वाचून चांगलं स्थळ घालवू नका ताई.

बालाघाटचा वारा

माझ्या मामाला चारही मुलगेच. त्यामुळे ह्या धाग्यावर मी फक्त वाचक.

फळा खडू

तेरणाकाठताई, तुमचा तर्क बरोबर आहे. अंबाजोगाईत विज्ञान शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकाच जनुकाच्या ज्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात त्यांना पुस्तकात युग्मविकल्पी म्हणतात. मेंडेलनं ब्रनोच्या मठात वाटाण्यावर जे प्रयोग केले ते १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये छापले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा एकत्र केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती संपली असं कुणालाही वाटलं असतं. तेच दाणे पुन्हा पेरून त्यांचं आपसात परागण होऊ दिलं, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. तीनास एक. मधल्या पिढीत सुरकुती दिसत नव्हती, पण होती.

का दिसत नव्हती हे पाठ्यपुस्तकात नसतं, आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोल दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) तयार होतं. सुरकुतलेल्या आवृत्तीत त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते विकर बनत नाही. मग साखर साठते, दाणा पाणी जास्त ओढतो आणि वाळताना चुरगळतो. पण दोनपैकी एक प्रत जरी चांगली असली तरी तेवढ्या विकरावर काम भागतं. विहिरीवर दोन मोटारी असल्या आणि एक जळाली, तरी पाटाला पाणी येतच राहतं. शेजाऱ्याला कळतही नाही. दोन्ही जळाल्या की मगच रान सुकतं. बहुतेक अप्रभावी आजार ह्याच जातीचे आहेत.

तर आत्या आणि तिचे यजमान ह्या दोघांकडे एकेक प्रत बिघडलेली असू शकते. दोघांना उत्तम ऐकू येणार. दोघांची बिघडलेली प्रत ज्या लेकरात एकत्र आली त्याला ऐकू येणार नाही. आज्या-पणज्यांत दिसलं नाही म्हणून रक्तातलं नाही, हा निष्कर्ष टिकत नाही. आणि ग्रहणाचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. आत्याबाईंच्या डोक्यावर ते ओझं इतकी वर्षं असेल, तर आधी ते उतरवा.

मन्याड

सर, एक सांगा. प्रभावी असलेलं जर वरचढ ठरतंय, तर पिढ्या जातील तसतसं तेच वाढत जाणार. अप्रभावी आपोआप संपेल की. मग काळजी काऊन करायची?

फळा खडू

मन्याडदादा, हाच प्रश्न १९०८ साली इंग्लंडात विचारला गेला होता. आखूड बोटं हा प्रभावी गुण आहे, मग काही पिढ्यांनी तीनचतुर्थांश लोकांची बोटं आखूड का होत नाहीत, असा. हार्डी नावाच्या गणितज्ञानं छोटंसं पत्र लिहून उत्तर दिलं. दुसरं काही बदललं नाही तर दोन्ही आवृत्त्यांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहतं. दिसणं आणि असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहा बोटांचंच घ्या. जादा बोट पुष्कळदा प्रभावी गुण म्हणून चालत येतं, तरी गावात अशी किती माणसं भेटतात? उलट ओ रक्तगट अप्रभावी, आणि तो घरोघरी आहे.

आता जरा हिशोब. एखादी बिघडलेली आवृत्ती शंभरात एक असेल, तर आजार दिसणारा माणूस दहा हजारांत एक भेटेल. पण ती आवृत्ती गुपचूप वाहणारा दर पन्नासात एक असेल. म्हणजे एका रुग्णामागे जवळजवळ दोनशे वाहक, सगळे धडधाकट. अप्रभावी गुण संपत का नाही ते ह्यात आलं.

घारू

मला एक शंका. आईचे डोळे काळे, बाबांचे काळे, माझे घारे. लहानपणापासून नातेवाईक काय काय बोलत आले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घारे डोळे अप्रभावी असतात का?

फळा खडू

साधारणपणे गडद रंग फिक्यावर मात करतो, त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होणं अगदी नेहमीचं आहे. पण डोळ्यांचा रंग वाटाण्याइतका सरळ नाही. पंधराव्या गुणसूत्रावरचे ओसीए२ आणि एचईआरसी२ हे शेजारी-शेजारी असलेले जनुक मोठा वाटा उचलतात, बाकीचे बरेच जनुक थोडी थोडी भर घालतात. त्यामुळे एका तक्त्यात मावणारं गणित इथं चालत नाही. जीभ गुंडाळता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं ही उदाहरणं शाळांत अजून देतात, पण तीसुद्धा एका जनुकाची नाहीत. एकसारख्या जुळ्यांत एकाला जीभ गुंडाळता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असं आढळलेलं आहे. डोळ्यांच्या रंगावरून कुणाच्या आईवर बोट दाखवणं हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

रक्तपेढीतला माणूस

शेवटच्या वाक्याला हजार वेळा सहमत. आमच्याकडे रक्तगटावरून हेच चालतं. नवरा ए, बायको बी, लेकरू ओ, की घरात कुजबुज सुरू. अहो, ए गटाच्या माणसाकडे एक ए आणि एक ओ असू शकतो. बी गटाच्या बाईकडे एक बी आणि एक ओ असू शकतो. दोघांकडून ओ आला की लेकरू ओ. अशा जोडप्याला चारही गटांची लेकरं होऊ शकतात. ए आणि बी एकमेकांवर मात करत नाहीत, दोन्ही आले तर एबी. ओ मात्र दोघांच्याही मागं लपतो.

ह्याहून खोल लपलेला प्रकार म्हणजे बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत तो शोधला. ए किंवा बी प्रतिजन, म्हणजे रक्तपेशीवरची गटाची खूण, ज्या पायावर उभा राहतो तो एच प्रतिजनच ह्यांच्यात बनत नाही. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. साध्या तपासणीत माणूस ओ दिसतो, पण त्याला नेहमीचं ओ रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत हा जास्त सापडतो, आणि एक सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांनाही तपासायला बोलावतो आम्ही. प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता असते.

सरकी

धागा लग्नाचा आहे, पण मी परभणीकडचा कापूसवाला आहे आणि इथं बोलल्याशिवाय राहवत नाही. गुलाबी बोंडअळीनं २०१७ मध्ये आमचं जे वाटोळं केलं त्याचं मूळ ह्याच प्रभावी-अप्रभावीत आहे.

बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच बनवणारा कापूस. त्या बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर बीटीची छोटी पुडी यायची, ४५० ग्रॅमसोबत १२० ग्रॅमची. ती शेताच्या कडेनं लावायची असायची. आमच्याकडं बहुतेकांनी ती फेकली किंवा कोपऱ्यात टाकून दिली. फुकटच्या अळ्या कोण पोसणार? पण त्या पुडीमागचं कारण कुणी नीट समजावून सांगितलंच नाही. बीटीचं विष पचवण्याची ताकद अळीत अप्रभावी असते. म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच अळी बीटी खाऊन जगते. अशी एखादीच अळी शेतात निघते. तिचा पतंग झाला आणि कडेच्या बिगर बीटी ओळींतून उडालेल्या हजारो साध्या पतंगांपैकी एकाशी त्याची गाठ पडली, तर पिल्लांत एकच प्रत जाते, आणि ती पिल्लं बीटीवर मरतात. कडेच्या ओळीच नसल्या तर? जगलेल्याला जगलेलाच भेटणार. दोन्ही प्रती एकत्र येणार. त्यांची पुढची सगळी वीण बीटीला न जुमानणारी.

त्यात आपली बियाणी संकरित. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरकीत मेंडेलचा तीनास एक हिशोब लागतो. काही सरकीत विष, काहीत नाही. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे आलटून पालटून मिळाले, तर एकच प्रत असलेल्या अळ्याही जगून जातात. आता बिगर बीटी बियाणं त्याच पाकिटात मिसळून द्यायलेत. अगोदरच दिलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मन्याडभाऊ, तुमच्या चार पिढ्यांचं मी काही म्हणत नाही. पण लपलेली गोष्ट लपलेल्याला भेटू नये म्हणून बाहेरचं लागतं, हे मला शेतानं शिकवलं.

मन्याड

सरकीभाऊ, आमच्या लग्नाला तुम्ही थेट बोंडअळीच्या रांगेत बसवलं की ओ! पण बरोबर सांगायलाव. पुडी मीबी फेकायचो.

भुंडी शेळी

पशुवैद्यक म्हणून माझं चिमूटभर. उस्मानाबादी शेळ्यांचे कळप बघतो. बऱ्याच पाळणाऱ्यांना भुंडा बोकड आवडतो, शिंगांचा त्रास नको म्हणून. शेळीत शिंगं नसणं प्रभावी आहे, त्यामुळे भुंडा बोकड शिंगाच्या शेळीला दिला तरी निम्मी किंवा सगळी पिल्लं भुंडी येतात. मालक खूश होतो आणि पुढच्या खेपेला भुंड्याला भुंडीच देतो. मग कळपात अशी पिल्लं दिसू लागतात जी धड पाठ (मादी) नाही, धड बोकड नाही, आणि कधी गाभण राहत नाहीत.

मौज अशी की शिंगं घालवणारी आणि हा दोष आणणारी आवृत्ती एकच आहे. एक प्रत असली की शिंगं जातात, म्हणजे त्या बाबतीत ती प्रभावी. पण मादी पिल्लात दोन्ही प्रती तशाच आल्या तर जननेंद्रियं बिघडतात, म्हणजे त्या बाबतीत अप्रभावी. एकेक प्रत असलेला बोकड आणि तशीच शेळी एकत्र आली, तर आठात एक पिल्लू असं निघतं. इलाज सोपा: जोडीतलं एक शिंगाचं ठेवा. तेव्हा कुणी 'अमुक जनुक प्रभावी आहे' म्हणालं तर मी आधी विचारतो, कोणत्या गुणाच्या बाबतीत?

पैनगंगा

किनवटहून लिहितेय. गावपातळीवर आरोग्याचं काम करते. भुंडी शेळी ह्यांनी जे शेळीचं सांगितलं तेच आमच्याकडे माणसांत सिकलसेलचं आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढासाच. दोन्ही प्रती तशा असल्या तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, लेकरू हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडतं. एकच प्रत असेल तर माणूस वाहक, शेतात दिवसभर राबतो, काही कळत नाही. उलट जीवघेण्या हिवतापापासून वाहकाला थोडं संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच जंगलपट्ट्यातल्या समाजांत ही आवृत्ती टिकून राहिली. आमच्या गोंड, कोलाम बांधवांना कुणी 'खराब रक्ताचे' म्हटलं की माझा संताप होतो. ह्या रक्तानं त्यांचे पूर्वज हिवतापातून वाचवले आहेत.

आम्ही आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी करतो. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ह्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्यावर ठरतं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. वाहकानं लग्न करू नये असं आम्ही सांगत नाही. वाहकाचं वाहकाशी जुळवताना दोघांनी माहिती घेऊन ठरवावं, एवढंच सांगतो.

आणि एक गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो. दोन वाहकांना चारात एक, असं सांगितलं की घरचे म्हणतात, 'पहिलं आजारी निघालं ना, आता पुढची तीन चांगली.' तसं नसतं हो. प्रत्येक गरोदरपणी चारात एक ही शक्यता पहिल्यापासून तेवढीच असते. एका घरात दोन्ही लेकरं आजारी बघितलीत मी, आणि एका घरात चारही निरोगी.

मामाचीच सून

मी स्वतः मामाच्या मुलाशी लग्न केलंय, दोन मुलं आहेत, सुखात आहे. इथं सगळं वाचून असं वाटू लागलंय की आम्ही काही गुन्हा केला. नात्यात लग्न झालं की मुलीला सासर परकं वाटत नाही, सासू आपलीच मामी किंवा आत्या असते, हुंड्याची घासाघीस कमी होते. हे फायदे जनुकांच्या तक्त्यात दिसत नाहीत.

फळा खडू

ताई, गुन्हा कसला? आकडेच बघा. कुठल्याही जोडप्याला गंभीर जन्मदोषाचं मूल होण्याची शक्यता दोन ते तीन टक्के असते. मामे-आते भावंडांत ती साधारण दुप्पट धरतात. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच होतात, तुमच्यासारखी, मन्याडदादांच्या घरच्यासारखी. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच होत गेलं की धोका चढत जातो, आणि मामा-भाचीच्या लग्नात तर मामे-आते भावंडांच्या दुप्पट अंश समान असतो. ज्या घरात एखादा आजार आधीच दिसलाय तिथं हे सरासरीचे आकडे लावायचेच नाहीत. तेरणाकाठताईंचा प्रश्न तिथं आहे.

तेरणाकाठ

सगळं दोनदा वाचलं. सरकीदादांचं तर आजीला वाचून दाखवलं, तिला बोंडअळीचं लगेच पटलं. आता दोन गोष्टी विचारते. आत्याचे यजमान आमच्या नात्यातले नाहीत, लग्नाआधी ओळखही नव्हती. मग परक्या घरातल्या माणसाकडे नेमकी तीच बिघडलेली प्रत कशी असेल? आणि बहिणीच्या लेकरांना नक्की किती धोका?

बाळंतविडा

बालरोगतज्ज्ञ आहे, नांदेड जिल्ह्यात काम करते. मी क्रमानं सांगते.

पहिलं म्हणजे मुलीला ऐकू का येत नाही हे माहीत नसताना काहीच गृहीत धरू नका. गरोदरपणातला रुबेला, दिवस भरण्याआधी जन्म, तीव्र कावीळ, लहानपणीचा मेंदूज्वर, ह्या कुठल्याही कारणानं असं होऊ शकतं. तसं असेल तर हा विषय लग्नापुरता संपला.

पण आनुवंशिक असेल, तर अप्रभावी बहिरेपणात जीजेबी२ ह्या जनुकाचा दोष सगळ्यात जास्त आढळतो. तो इतका पसरलेला आहे की परक्या घरातही भेटतो. फळा खडू सरांचा दोनशे वाहकांचा हिशोब आठवा.

आता धोका. आत्या नक्की वाहक धरायची. मुलाला ऐकू येतं, म्हणजे चार शक्यतांपैकी आजाराची एक बाद झाली. उरलेल्या तिनांत दोन वाहकाच्या, म्हणून तो वाहक असण्याची शक्यता २/३. आत्या वाहक आहे, तर तिचा सख्खा भाऊ म्हणजे तुमचे वडील वाहक असण्याची शक्यता १/२, आणि तुमच्या बहिणीची १/४. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक बाळाला १/४. गुणाकार केला की २४ मध्ये १. परक्या मुलीशी त्यानं लग्न केलं तर हा आकडा खूप खाली येतो.

पण हा आकडा चाचणीच्या आधीचा आहे. चाचणी झाली की तो एकतर जवळजवळ शून्यावर येतो किंवा थेट चारात एकावर जातो. अंदाजावर स्थळ मोडू नका आणि अंदाजावर जुळवूही नका. मुलीची श्रवणचाचणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, तिथूनच जनुकीय समुपदेशनाचं विचारा. तिच्या जन्माचे कागद सोबत न्या.

आणि त्या मुलीबद्दल एक. सगळा धागा तिच्या कानांवर चाललाय. तिला सांकेतिक भाषा येते का, ती शिकते का, तिचं लग्न कुणी बघतंय का? ऐकू न येणारे दोघं लग्न करतात आणि त्यांची मुलं छान ऐकतात, असंही पुष्कळदा घडतं, कारण दोघांचे बिघडलेले जनुक वेगवेगळे असतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

तेरणाकाठ

तिचं बारावीचं वर्ष आहे, चित्रकला फार सुंदर आहे तिची. तुमचं तिला वाचायला देते. आज रात्री आत्याशी बोलले, ग्रहणाचं ऐकून ती फोनवर खूप रडली.

घरात आता नवीनच निघालंय. काका म्हणतात, तपासायचंच असेल तर फक्त आपल्या पोरीचं रक्त तपासा, पोराकडच्यांना कशाला सांगायचं, बोभाटा होईल.

बाळंतविडा

काकांना सांगा, तसं करून काही हाती लागणार नाही. कोणता जनुक शोधायचा हेच माहीत नसताना तुमच्या बहिणीचं रक्त देऊन उपयोग नाही. आधी ज्या मुलीला ऐकू येत नाही तिचं. तिच्यात बदल सापडला तर तोच बदल मुलात आहे का ते बघायचं. मुलगा वाहक नसेल तर तिथंच थांबायचं, तुमच्या बहिणीला सुई टोचायचीही गरज नाही.